हौद्याची जुनी माती

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि तालमीची भिंत एकच होती. त्यामुळे घरात घड्याळ असून नसल्यासारखं होतं. पहाटे पलीकडून जोर-बैठकांचे हुंकार सुरू झाले की आई उठायची, हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पहिली जोड लागली की बाबांचा चहा व्हायचा, आणि आप्पा वस्तादांचा "बास!" ऐकू आला की मी आंघोळीला पळायचे. पलीकडे कुणी आपटला की आईच्या फडताळातले पितळी डबे किणकिणायचे. चटणीच्या डब्याचं झाकण कधी नीट बसलं नाही, त्याचा दोष तिने जन्मभर पैलवानांना दिला. भिंतीच्या अलीकडे भाकरी थापतात आणि पलीकडे माणसं, असं बाबा म्हणायचे. बाबा गणिताचे मास्तर. विनोद ते क्वचितच करत, आणि हा एक त्यांनी पुरवून पुरवून वापरला.

तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो खोडताही येत नव्हता. मी कुस्ती पाहिली नाही, ऐकली. जेवताना माझी जागा भिंतीला लागून असायची आणि कान पलीकडे. पाठीवर पडलेला माणूस वेगळा वाजतो आणि कुशीवर पडलेला वेगळा. कुशीवर पडला तर आवाज अर्धवट येतो आणि लगेच झटापट सुरू होते. पाठीवर पडला तर एकच भरीव धप्प, आणि मग क्षणभर सगळं गप्प. मी खर्ड्यात भाकरीचा तुकडा बुडवता बुडवता "चीत झाला" म्हणून जाहीर करायचे. आई म्हणायची, "जेव गप. तुला कुणी पंच नेमलंय?" पण दुसऱ्या दिवशी बाबांनी तालमीत सहज चौकशी केली की माझाच निकाल बरोबर निघायचा.

व्हॉल्ट, म्हणजे जिम्नॅस्टिक्समधली घोड्यावरून मारायची उडी, मी शाळेत शिकले. खेळाच्या बाई हौशी होत्या आणि शाळेकडे एक कातडी घोडा होता, पोट उसवलेला, आतला काथ्या बाहेर डोकावणारा. पळत यायचं, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय एकदम मारायचे, घोड्यावर हात टेकून पलीकडे जायचं, इतकंच त्याचं वर्णन. पण हात सुटल्यापासून पाय जमिनीला लागेपर्यंत जो एक क्षण मिळतो, त्यात आपल्याला कुणी हाक मारू शकत नाही. आई नाही, बीजगणित नाही, कुणी नाही. मी कॉलेजात गेले तोवर बाईंची बदली झाली, हॉलमध्ये जादा वर्ग बसले आणि घोडा कुठल्या शाळेला गेला ते कुणी धड सांगेना. मला भयंकर राग आला. राग आला की मी रडत बसत नाही, काहीतरी करायला घेते, हा माझा स्वभाव. आजही घरचे त्याला वचकून असतात. मी गल्लीतल्या पोरी गोळा केल्या आणि आमच्या मागच्या दाराबाहेरच्या परड्यात क्लास सुरू केला. ते परडं तालमीचंच, पण तालमीच्या बाहेरचं, म्हणून तिथे आम्हाला कुणी हटकत नव्हतं.

घोडा नव्हता, तो केला. बाबांचा एक जुना विद्यार्थी उद्यमनगरातल्या कारखान्यात होता, त्याने डांबराचं रिकामं पिंप आणून दिलं. ते आडवं करून विटांमध्ये बसवलं, हलू नये म्हणून आत वाळू भरली आणि वरून आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ घट्ट बांधली. उडी मारायची फळी म्हणजे खरोखरच फळी, खाली ट्रकच्या टायरचा तुकडा ठोकलेला. पिंप कुठल्याही अंगाने घोड्यासारखं दिसत नव्हतं, म्हणून पोरी त्याला रेडा म्हणू लागल्या. मग मीही तेच म्हणू लागले. आता आमच्या गावात जिम्नॅस्टिक्सचे चकचकीत हॉल झालेत, आणि तिथल्या तरुण प्रशिक्षकांना मी "रेड्यावर शिकवलंय" म्हणते तेव्हा ते आदराने मान हलवतात. त्यांना वाटतं हा कसलातरी जुना प्रकार असावा.

मी आधी पडायला शिकवलं. आठवडेच्या आठवडे पोरी नुसत्या विटांच्या चौथऱ्यावरून खाली उड्या मारत होत्या. गुडघ्यांना कुलूप लावायचं नाही, उतरताना आवाज करायचा नाही, हात पुढे ठेवायचे आणि नाक आपलं आपण सांभाळायचं. मग फळीवर पळत येऊन नुसतं रेड्यावर उकिडवं बसायचं. "रेड्याला टाळी द्या गं, मिठी मारू नका!" हे मी इतकं ओरडायचे की पलीकडून पैलवानही तेच ओरडून मला चिडवायचे. शिकवण्यात मी हुशार होते, हे मी आता बिनदिक्कत सांगते. या वयात नम्रपणाचा उपयोग तरी काय?

खरी अडचण रेड्याच्या पलीकडच्या बाजूला होती. परड्याची जमीन मुरमाची, दगडासारखी टणक. पोरींच्या नडग्या काळ्यानिळ्या पडू लागल्या, एकीची हनुवटी फुटली, आणि आयांनी पोरींना घरी ठेवायला सुरुवात केली. गुऱ्हाळावरून उसाची वाळली चिपाडं आणून ती पोत्यात भरायची, ही माझी कल्पना. गाद्या झकास झाल्या. गुळाचा वास सुटायचा, पोरी खूश. पण चिपाडात गोडवा उरतोच, हे उसाच्या मुलखात जन्मूनही माझ्या डोक्यात आलं नाही. गल्लीतले सगळे मुंगळे त्या पोत्यांत राहायला आले. पोर पलीकडे उतरायची आणि लगेच पहिल्या उडीपेक्षा उंच दुसरी उडी मारायची. आई हसून हसून दारात बसली.

तेव्हा माझं लक्ष कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेलं. तालमीत वर्षातून एकदा हौदा नवा करतात. नवी तांबडी माती चाळून घालतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरवतात. आधीची माती कुठेही फेकत नाहीत, कारण तिच्यावर मारुतीपुढच्या अंगाऱ्याइतकी भक्ती असते. ती परड्यात एका कोपऱ्यात रचून ठेवतात आणि सवडीने नदीला नेतात. मी हात घालून पाहिला. कोपरापर्यंत गेला. लोण्यात जावा तसा.

आप्पा वस्ताद संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचे. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, आणि कान दोन्ही फुटून मिटलेले. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काय गं, मास्तराची पोर न्हवं तू? काय पायजे?"

"माती पाहिजे, आप्पा. कोपऱ्यातली, जुनी."

"कशाला?"

"पोरी पडतात."

"मग पडू नका म्हणावं की."

"तुमचे पैलवान पडत नाहीत?"

आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. मग म्हणाले, "पडत्यात. म्हणून तर माती हाय." आणि टॉवेल झटकून उठले. तो होकार होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा दोन पैलवानांनी येऊन मुरूम खणला आणि त्या खड्ड्यात ढीग लोटून दिला.

त्या मातीचं सुख काय सांगू? तिच्यात पाय रुतायचे पण अडकायचे नाहीत. पोरी घरी जाताना तांबड्या होऊन जायच्या आणि अंगाला कापराचा वास यायचा. ज्या घरी बसल्या होत्या त्या परत आल्या. पण तालमीत दत्तूअण्णा म्हणून एक जण होते, आप्पांचेच पठ्ठे, आता पोट सुटलेले आणि तालमीचा कारभार बघणारे. त्यांना हे खपलं नाही. एका सकाळी आमच्या परड्यात येऊन त्यांनी सगळ्यांसमोर आवाज चढवला.

"हौद्यातली माती हाय ही! थोरामोठ्यांचा घाम हाय हिच्यात. ती पोरींच्या नाचाखाली?"

"हा नाच नाही," मी म्हणाले.

"मग काय हाय? निम्म्या पोरी तर त्या पिंपावर बसूनच ऱ्हात्यात."

"माझी प्रत्येक पोर पलीकडे जाते," मी म्हणाले. हे त्या दिवशी खरं नव्हतं, पण माझा आवाज दत्तूअण्णांच्या आवाजापेक्षा मोठा होता.

आरडाओरडा ऐकून आप्पा बाहेर आले. दोघांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. खंडेनवमीला तालमीत हौद्याची, गदेची, व्यायामाला घुमवायच्या करेल्यांची पूजा असते, सगळी तालीम जमते. "त्या दिवशी समद्यांम्होरं तुज्या पोरी पलीकडं जाऊंदेत. प्रत्येक पोर म्हणलीस न्हवं? मग प्रत्येक. गेल्या तर माती तुमची, वर्साच्या वर्साला. एक जरी अडली, तर दत्तू माती उचलून नदीला न्हेईल. पटलं?" मी पटलं म्हणाले. दत्तूअण्णाही म्हणाले, आणि जाताना त्यांनी मंगलकडे बघून मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

कारण मंगल जात नव्हती. मंगल हुपरीची, चांदीच्या कारागिरांच्या गावची. शिकायला आमच्या गल्लीत मामाकडे राहायची. उंच, लांब टांगांची, अबोल पोर. तिच्या घरी सगळे पैंजण घडवायचे, आणि तिच्या पायात तिच्या बापाने स्वतः घडवलेली, घोट्याला घट्ट बसणारी जोडी होती. आमच्या घरात पोरीचा पाय मोकळा ठेवत नाहीत, असं तिने पहिल्या दिवशीच मला ठणकावलं. अडकू नयेत म्हणून मी त्यांवर चिंध्या गुंडाळायला लावल्या, त्यामुळे त्यांचा आवाजही बंद झाला. ही मंगल वाऱ्यासारखी पळत यायची आणि फळीजवळ आली की खुंटायची. कधी थांबायची, कधी बाजूने निघून जायची, कधी रेड्याला पोटाने धडकायची. बाकीच्या पोरी एकेक करून पलीकडे गेल्या. ही तिथेच.

"भिऊ नको गं," मी म्हणायचे.

"मी भीत न्हाई ओ ताई. मी पळतो की. फळी आली की काय हुतंय कळत न्हाई." आमच्या कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल अशाच बोलतात, पुण्याच्या पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं.

मी तिला समजावलं, रागावले, गोड बोलले. गल्लीत तिला भित्री नाव पडलं. खंडेनवमी जवळ आली. आईने पांढरा रस्सा केला होता, मी वाटी तशीच सारली. वाटी तशीच पाहून आई म्हणाली, "त्या दिवशी तिला घरी राहू दे की. सांगायचं ताप आलाय म्हणून. कोण बघायला येतंय?" वाईट नव्हता सल्ला. पण त्याच संध्याकाळी मंगल दारात येऊन खाली बघत म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी येऊ नको न्हवं?" तिने ते इतक्या सरळपणे विचारलं की आईचा सल्ला मी तिथेच सोडला. मी म्हणाले, "तू आली नाहीस तर मीच येणार नाही." माती गेली तर क्लास गेला हे मला कळत होतं. पण ही पोर आयुष्यभर भित्री हे नाव घेऊन हुपरीला गेली असती, ते मला मातीपेक्षा जास्त लागलं असतं.

एकदा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. आई देवाला गेली होती, तालीम अजून भरायची होती. मागचं दार उघडं, माझी पाठ दाराकडे. परड्यात मंगल एकटीच पळण्याचा सराव करत होती, आणि पायाच्या चिंध्या सुटल्या असाव्यात, कारण मला पहिल्यांदाच तिचे पैंजण ऐकू आले. छुम, छुम, छुम, छुम, एकसारखं, लांब लांब, देखणं पळणं. आणि मग फळीपाशी घाईघाईने छुमछुमछुम, आणि गप्प. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेच, त्याच जागी. माझा हात परातीत थांबला. भ्यालेल्या माणसाचं पाऊल लांबूनच भ्यालेलं असतं, ते हळूहळू आखडत येतं. हिचं पाऊल शेवटपर्यंत बिनधास्त होतं. फक्त फळी तिच्या टांगेच्या मधेच येत होती, म्हणून शेवटी बारीक पावलं टाकून तिला जागा भरून काढावी लागत होती, आणि तेवढ्यात सगळा वेग मरत होता. मी रोज समोर उभी राहून डोळे फाडून बघत होते ते मला दिसलं नव्हतं, आणि पाठ करून ऐकलं तर लख्ख कळलं. पोर भीत नव्हती. तिला तिची जागा मिळाली नव्हती.

पिठाच्या हातांनी मी तशीच बाहेर पळाले. सगळ्या पोरी विटकरीने मारलेल्या एकाच रेघेवरून पळत सुटायच्या. "मंगल, फळीवर उभी राहा. आता इकडे तोंड कर आणि उलट पळ, रेघेच्या दिशेने. नेहमीसारखी पळ, मोजू नको." ती पळाली. मोजत होते मी. नेहमीच्या शेवटच्या टांगेला तिचा पाय जिथे पडला तिथे मी हात दाबला. रेघेच्या बऱ्याच मागे, पार तुळशीजवळ, जमिनीवर माझा ज्वारीच्या पिठाचा पांढरा पंजा उमटला. "आता ही तुझी जागा. दुसऱ्या कुणाची नाही." ती तिथून पळाली. मी डोळे मिटले. छुम, छुम, छुम, शेवटपर्यंत एकसारखं, आणि मग फळीवर दोन्ही पायांचा एकच आवाज. डोळे उघडले तर मंगल रेड्यावर उकिडवी बसली होती आणि तिचं तोंड उघडं राहिलं होतं. आत तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली होती. मी ती खाल्ली, आणि आवडीने खाल्ली.

आजकालचे प्रशिक्षक फोनवर चित्रण करून पावलं सावकाश फिरवून बघतात. चांगलं आहे. मला अजूनही डोळे मिटल्याशिवाय पाऊल दिसत नाही.

मात्र रेड्यावर बसणं वेगळं आणि पलीकडे जाणं वेगळं. खंडेनवमी उजाडेपर्यंत मंगल एकदाही पलीकडे गेली नव्हती. त्या सकाळी परड्यात झेंडूचा वास, आतून नारळ फुटल्याचे आवाज, आणि पूजा आटोपून बाहेर आलेली सगळी तालीम भिंतीला टेकून उभी. आई मागच्या दारात, तिच्यामागे बाबा, हातात उगाचच वर्तमानपत्र. मी रेड्याशेजारी उभी राहिले आणि पोरींना सोडायला सुरुवात केली. एकेक पोर आली, टाळी देऊन पलीकडे गेली. तरुण पैलवान टाळ्या वाजवायला लागले, दत्तूअण्णांनी डोळे वटारले तसे थांबले. शेवटी मंगल राहिली. तिने वाकून पायाच्या चिंध्या सोडल्या. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जोडी घट्ट होती, आणि तिला ऐकून पळायचं होतं, हे मला समजलं. ती तुळशीजवळच्या तिच्या पंजावर जाऊन उभी राहिली. तो मी सकाळीच नवा उमटवला होता.

ती निघाली. तालमीच्या आवारात पैंजण कधी कुणी ऐकले नव्हते. सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत तेवढेच वाजत आले, एकसारखे, न अडखळता. फळी दणकली. वाकळीवर दोन्ही हातांची टाळी बसली. मग काहीच आवाज नाही. तो क्षण आला, ज्यात कुणी हाक मारू शकत नाही, आणि तो मंगलचा होता. मग मागून आवाज आला, आणि न बघता मला कळलं. एकच भरीव धप्प. पाठीवर.

ती गेली होती पलीकडे, पण वेग इतका की पाय मातीत पुढे सरकले आणि ती सरळ मागे कोसळली.

"चीत!" दत्तूअण्णा ओरडले. "पाठीला माती लागली! हारली!" तालमीतले लोक हसले. त्यांचा दोष नाही, जन्मभर त्यांनी तोच एक कायदा पाळला होता. मंगल मातीत पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. तिला विचारायचं होतं की हे धरायचं की नाही. माझा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

आप्पा भिंतीपासून निघाले. धोतराचा सोगा सावरत मातीत उतरले, मंगलला हात देऊन उभी केली आणि म्हणाले, "फिर. पाठ कर." ती फिरली. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि तिची पाठ झटकली. सावकाश, खांद्यापासून कमरेपर्यंत, मातीचा कण राहू नये अशी. मग तिला धरून दत्तूअण्णांच्या पुढे पाठमोरी उभी केली.

"दत्तू, बघ. कुठं हाय माती?"

"आत्ता तुमीच झटकली की, आप्पा."

"व्हय. मीच झटकली. तू पैल्यांदा हौद्यात पडलास तवा तुजी कुणी झटकलीती?"

आप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "पैल्यांदा पडतंय त्येची पाठ वस्तादानं झटकायची असती. हारजीत त्येच्यानंतर. पोर पलीकडं गेली का न्हाई, तेवढं सांग."

"गेली," दत्तूअण्णा म्हणाले. मग आत गेले, पूजेचं ताट घेऊन आले आणि तोंड वाकडं करून का होईना, आईच्या लुगड्यांच्या त्या वाकळीला त्यांनी हळदकुंकू लावलं. आई दारात रडत होती. मी मात्र मंगलला इतकी घट्ट धरली की तिची पाठ पुन्हा तांबडी झाली, कारण पोरींसाठी माती सारखी करून माझे हात माखलेले होते.

त्यानंतर दरवर्षी हौदा नवा झाला की जुनी माती आमच्याकडे यायची. पुढे ते परडं गेलं, रेडाही गेला. आता माझे गुडघे बोलतात, तरी हॉलमध्ये नवीन आलेल्या पोरी अजून माझ्याकडेच पाठवतात. तिथे निळ्या जाड मॅट आहेत, त्यांवर मातीचा कणही नसतो. पण एखादी पोर पहिल्यांदा पलीकडे जाऊन पाठीवर आपटली की मी जवळ जाते, तिला उभी करते, फिरवते आणि तिची पाठ झटकते. सावकाश, खांद्यापासून कमरेपर्यंत.

"आजी, काय लागलंय?" ती मान वळवून विचारते.

"काही नाही," मी म्हणते. "आता काही नाही. जा, तुझ्या जागेवर जा."